रकाना सातवा

पतपेढीत कॅशियर होतो, अक्षर बरं,
म्हणून ठाण्याच्या जेलात दवाखान्याची वही माझ्याकडं आली.
नंबर, नाव, बराक, तक्रार, गोळी, किती
आणि सातवा रकाना : झोप.
सातव्यात मी ‘चांगली’ लिहितो.
विचारायला जावं लागत नाही.

संध्याकाळी, टोटल मिळायच्या आधी,
कंपाउंडर खाडे खिडकीशी बसतो.
गोळी जिभेवर. पाणी. आ कर.
जीभ वर कर.
गालात बोट फिरवतो, बाजारात बैलाचे दात बघावेत तसं.
दीडशेच्या जागेत चारशे झोपवायचे,
कूस बदलायची तर आधी शेजाऱ्याशी ठरवायचं,
तिथं एकजण ओरडला तर
पूर्ण बराक जेलरच्या कानात ओरडते.

सोमा मुकणे ओरडायचा.
शहापूरच्या पलीकडचा कातकरी, तांब्याच्या तारेची केस.
जामीन झालेला, पंधरा हजारांचा,
पण जामीनदार कोण राहणार, सातबारा कुणाचा?
रात्री दीड-दोनला खाडीला भरती आली की
त्याला वास यायचा.
आम्हाला फक्त संडासाचा.
म्हणायचा, चिंबोऱ्या वर आल्यात,
दार उघडा, तासाभरात येतो.
असं साधं, शेजारणीकडं मीठ मागावं तसं.
मग मोठ्यानं.
मग गजांना धरून.

पहिलं इंजेक्शन चौघांनी धरून दिलं.
डावा पाय माझ्याकडं होता.

आठवड्यात त्याची मान खांद्याकडं ओढली गेली,
भिंतीपलीकडं कुणी हाक मारल्यासारखी.
मानेसाठी आणखी एक गोळी लागली, पांढरी.
तोंड कोरडं पडायचं, त्यासाठी काही नव्हतं.
डॉक्टर मंगळवारी येत, तासात पंचेचाळीस पेशंट.
वाईट माणूस नव्हता.
एकदा पेन थांबवून म्हणाला,
‘हा आजारी आहे, की नुसता जागा आहे?’
दारात जेलर उभा होता.
पेन पुन्हा चालू झालं.

पारी मुलाखतीला आली, कडेवर पोर.
शेजारच्या फोनवर माझा मेहुणा वकिलाची फी सांगत होता,
मी तिकडं कान दिला होता.
सोमाच्या हनुवटीवरून लाळ लोंबत होती.
ती काही रडली नाही.
शिपायाला विचारलं, ‘उतरतंय ना ह्ये? कवा उतरंल?’
दारूबद्दल विचारतात तसं.
शिपायानं घड्याळ बघितलं.

तारखेला टीव्हीच्या पडद्यावर साहेबांनी नाव विचारलं.
सोमा हसला.
मागून मीच सांगितलं.
‘मुकणे?’ साहेब कागदाकडं बघत म्हणाले,
जणू ते आडनाव नव्हतं,
काय झालं ते होतं.

मार्चात कुठल्याशा संस्थेनं पैसे भरले, तो सुटला.
चपला कुठल्या पायात हे फाटकाशी त्याला दुसऱ्यानं दाखवलं.

नंतर सफेदी निघाली.
त्याच्या उशाशी, जुन्या किल्ल्याच्या दगडांच्या सांध्यात,
बोट पुरेल तेवढं आत,
अकरा निळ्या.
वही काढली. निळ्या एकशे सव्वीस.
पतपेढीत फरक निघाला की मला घाम फुटायचा,
आणि पुष्कळदा तो फरक माझाच असायचा.
इथं मी तीनदा मोजलं
आणि तीनदा अकराच निघाल्या म्हणून
भिंतीला टेकून बसलो.

खाड्याच्या बोटाला चुकवून
अकरा रात्री तो जागा होता.
जागा, आणि गप्प.
भरती येत असणार, जात असणार.
कुठल्या अकरा, ते वहीवरून कळत नाही.
सगळ्यांपुढं ‘चांगली’ आहे,
माझ्याच बऱ्या अक्षरात.

गोळ्या कुणाला दाखवल्या नाहीत.
दहा तीन बंडल विड्यांना गेल्या,
इथं भाव तसा बरा आहे.
एक ठेवली.
कधी दीडला जाग आली की
नाक गजांशी नेऊन बघतो.
संडासाचाच येतो.